शाळेची रंगवलेली भिंत आणि वापरणाऱ्यांचा निवाडा

गेल्या काही वर्षांत शाळांच्या इमारतींचे नूतनीकरण हा आपल्याकडे मोठ्या उत्साहाचा विषय झाला आहे. पत्रे बदलतात, फरशा बसतात, भिंतींवर आगगाडीचे डबे रंगवले जातात, फीत कापली जाते, छायाचित्र निघते. या उत्साहाची मला थट्टा करायची नाही. ज्याने पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली दप्तर पोटाशी धरून बाराखडी गिरवली आहे, तो नव्या छपराची थट्टा करू शकत नाही. माझी शंका वेगळी आहे. इमारत सुधारली, असा निकाल कोण देतो? आणि तो देताना त्या इमारतीत रोज सहा तास बसणाऱ्या मुलाला कोणी काही विचारतो काय?

हा प्रश्न इतरांना विचारण्याआधी मी स्वतःला विचारला पाहिजे. कारण असा एक खोटा निकाल मी स्वतः दिलेला आहे.

मी भिवंडीच्या कामतघर भागात राहतो. वडील मराठवाड्यातून आले आणि येथे यंत्रमागावर उभे राहिले. घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. आज एका महाविद्यालयात शिकवतो. दोन वर्षांपूर्वी परिसरातील शाळांची एक स्पर्धा भरली आणि 'वस्तीतून वर आलेला प्राध्यापक' म्हणून मला परीक्षक नेमण्यात आले. नुकतीच दुरुस्त झालेली एक शाळा मी पाहिली. शाळेचे आणि आयोजकांचे नाव येथे देत नाही. दोष एका शाळेचा नाही, आणि एका शाळेवर तो ढकलून बाकीच्यांनी सुटावे असेही मला वाटत नाही. हातात छापील तक्ता होता. रंगरंगोटी, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, वाचनालय, संगणक कक्ष, परसबाग. प्रत्येकापुढे 'आहे' किंवा 'नाही', आणि दहापैकी गुण. सगळे 'आहे' होते. चहा घेतला, शाल घेतली, सही केली. शंभरपैकी एक्क्याण्णव गुण दिले.

काही महिन्यांनी वऱ्हाळदेवी तलावाजवळ एक बाई भेटल्या. कांड्या भरायला जाणाऱ्या. त्यांची मोठी मुलगी माझी विद्यार्थिनी, धाकटी त्या शाळेत. म्हणाल्या, "सर, तुम्हीच नंबर दिला ना शाळेला? मग आता तुम्हीच तिथं सांगा. पोरगी सकाळपासनं पाणी पीत नाही. पाणी पिलं की जावं लागतं, आन् जायच्या खोलीला कुलूप असतंय."

तक्त्यात स्वच्छतागृहाला मी दहापैकी दहा गुण दिले होते.

२

या बाईंच्या दोन वाक्यांत जे मूल्यमापन होते, ते माझ्या तक्त्यात का नव्हते? याचे उत्तर माझ्या निष्काळजीपणात आहेच. पण केवळ तेवढ्यात नाही. ते आपल्या भाषेतही आहे. सरकारी भाषेत शाळेत बसणारे मूल 'लाभार्थी' असते. लाभार्थ्याचे काम आभार मानण्याचे. त्याने वस्तू वापरून पाहावी आणि ती चालते की नाही याचा निवाडा द्यावा, ही अपेक्षा त्या शब्दात कोठेच नाही. वापरणारा निवाडा देतो, लाभार्थी टाळ्या वाजवतो. दान आणि हक्क यांतला जुना फरक या दोन शब्दांत जसाच्या तसा शिल्लक आहे.

हा फरक आपल्या चळवळीने फार पूर्वी ओळखला होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, त्याचबरोबर सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. आजच्या एखाद्या परीक्षकाने तेव्हा महाडला जाऊन तक्ता भरला असता, तर 'सार्वजनिक पाणवठा : आहे, सर्वांना खुला : आहे' असे लिहून त्यानेही पूर्ण गुण दिले असते. तळे होते, पाणी होते, ठराव होता. ओंजळ मात्र कोणाची पाण्यापर्यंत पोहोचत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. तो मानवी हक्काचा संगर होता, हे आपण सांगतोच. पण दुसऱ्या अंगाने पाहा. कागदावरची सोय प्रत्यक्ष वापरून पाहण्याची ती कसोटीही होती. कसोटी घेताच कागदामागचे वास्तव लाठ्या घेऊन बाहेर आले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. 'आहे' आणि 'वापरता येते' यांच्यामध्ये केवढे अंतर असू शकते, हे सांगायला महाडपेक्षा मोठा दाखला नको.

बाबासाहेबांनी आपल्या शालेय दिवसांविषयी जे लिहून ठेवले, तेही याच नजरेने वाचण्यासारखे आहे. शाळा होती, प्रवेशही मिळालेला होता. पण बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागे आणि संध्याकाळी परत आणावे लागे. कारण शाळा झाडणारा माणूसही त्याला हात लावीत नसे. नळ होता, नळाला पाणीही होते; पण तो सोडायला शिपाई हजर असावा लागे. शाळेच्या इमारतीचे याहून अचूक परीक्षण मराठी मुलुखातल्या कोणत्या वास्तुतज्ज्ञाने केले आहे?

३

येथे मला साहित्याच्या विद्यार्थ्यांशी थोडे बोलायचे आहे. दलित आत्मकथनांची समीक्षा करताना आपण जाणीव, विद्रोह, भाषा, अनुभवाची दाहकता यांची चर्चा पुष्कळ केली. 'बलुतं' १९७८ मध्ये आले तेव्हापासून ही चर्चा चालू आहे. परंतु या पुस्तकांमधली शाळा ही एक वास्तू आहे, तिला उंबरठा आहे, ओटा आहे, पाण्याचा माठ आहे, झाडायचे अंगण आहे, आणि या प्रत्येक ठिकाणी कोणाचे शरीर कोठे ठेवायचे हे ठरलेले आहे, इकडे आपले लक्ष कमी गेले. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) शाळेतल्या मुलीच्या वाट्याला अभ्यासाबरोबर शेण उचलणे येते. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या हिंदी 'जूठन'मध्ये (१९९७) मुख्याध्यापक मुलाच्या हाती झाडू देतो आणि वर्ग चालू असताना तो मुलगा मैदान झाडत राहतो. प्रस्थापित समीक्षकाने या प्रसंगांना 'करुण' म्हटले आणि तो पुढे गेला. मी त्यांना पुरावा म्हणतो. एखादी इमारत तिच्या वापरणाऱ्यांशी कशी वागते, याची जबानी त्यांत आहे.

पाश्चात्त्य देशांत इमारत वापरात आल्यानंतर परत जाऊन तिची परीक्षा घेण्याचे शास्त्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. ब्रिटनमधील वास्तुशिल्पींच्या रॉयल इन्स्टिट्यूटने १९६३ साली कामाचे जे टप्पे आखून दिले, त्यांतला अगदी शेवटचा टप्पा हाच होता : इमारत ताब्यात दिल्यावर परत जाणे आणि ती कशी चालते ते पाहणे. १९७२ मध्ये तो गाळण्यात आला; या परतफेरीचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसे. पुढे २०१३ च्या आराखड्यात 'वापर' हा टप्पा पुन्हा आला. म्हणजे श्रीमंत देशातही बांधणारा माघारी वळून पाहायला राजी नव्हता. आपल्याकडे मात्र हे काम वापरणाऱ्यांनीच, कोणी न सांगता, पदरमोड करून केले. फरक एवढाच, की त्याला आपण मूल्यमापन म्हटले नाही, आत्मकथन म्हटले.

म्हणून शाळेच्या इमारतीची समीक्षा हा वास्तुशास्त्राचा विषय आहे, आपला नाही, असे कोणी म्हणू नये. तो आपलाच विषय आहे. आणि तो आपण अर्धा टाकून दिला आहे.

४

बाई भेटल्यानंतर मी त्या शाळेत पुन्हा गेलो. यावेळी परीक्षक म्हणून नव्हे. ओळखीच्या शिक्षकांच्या सौजन्याने तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी मागच्या बाकावर बसलो. जे पाहिले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट खिडक्यांची. पूर्वी येथे दोन झडपांच्या लोखंडी खिडक्या होत्या. गंजलेल्या, पण पूर्ण उघडणाऱ्या. आता सरकत्या काचांच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या आहेत. दिसायला सुबक. परंतु सरकती खिडकी कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते. दुसऱ्या अर्ध्यावर तीच काच जाऊन बसते. वर पत्रा, खाली साठ मुले, आणि वारा निम्मा. पण तो निम्मा वाराही मिळत नाही. शाळेच्या पाठीमागे यंत्रमागाचे कारखाने आहेत. भिवंडीत राहणाऱ्याला हा आवाज सांगावा लागत नाही. मागाच्या खोलीत तो नव्वद ते शंभर डेसिबलच्या घरात असतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गासाठी सुचवलेली मर्यादा पस्तीस आहे. म्हणून बाई खिडकी लावून घेतात. खिडकी लावली की उकडते. उघडली की ऐकू येत नाही. दुरुस्तीचा आराखडा करणाऱ्याने शाळेच्या मागे काय आहे हे पाहिले असते, तर वाऱ्याची वाट आवाजाच्या उलट बाजूला ठेवता आली असती. त्याने शाळेची समोरची बाजू पाहिली. छायाचित्र समोरून निघते.

दुसरी गोष्ट फरशीची. जमिनीवर गुळगुळीत फरशी, भिंतींवर कमरेपर्यंत चकचकीत टाइल्स. स्वच्छ करायला सोपे, हे खरे. पण अशा कठीण पृष्ठभागांवर आवाज विरत नाही, आपटून परत येतो. मागांचा खडखडाट, शेजारच्या वर्गातील पाढे आणि बाईंचा आवाज यांचा एकच कालवा होतो. मग बाई ओरडतात. ओरडून समजावता येत नाही, ओरडून फक्त घोकून घेता येते. बाईंनी एक ओळ म्हणायची, साठ मुलांनी ती पुन्हा म्हणायची. आपण म्हणतो, शिक्षक जुन्या पद्धतीने शिकवतात, घोकंपट्टी करून घेतात. त्या खोलीत बसून पाहा; दुसरी पद्धत तेथे ऐकूच येणार नाही. इमारत कशी शिकवायची हे मुकाट्याने ठरवीत असते.

आणि ऐकू कोणाला येत नाही? मागच्या दोन बाकांना. मागच्या बाकांवर कोण बसते? दिवाळीनंतर गाव सोडून आलेल्या कुटुंबांची मुले, उशिरा दाखल झालेली. गोदामात माल उतरवणाऱ्यांची, मागवाल्यांची मुले. कोणी जात विचारून त्यांना मागे बसवले नाही. जागा भरलेल्या होत्या म्हणून ती मागे बसली. कोणाच्या मनात पाप नसतानाही आवाज आपली वाटणी बरोबर करतो, आणि वर्षअखेर आपण त्या मुलांच्या निकालावर 'आकलनशक्ती कमी' असा शेरा मारतो.

तिसरी गोष्ट भिंतींची. भारतात 'बाला' या नावाने ओळखली जाणारी एक चांगली कल्पना आहे : इमारतीलाच शिकण्याचे साधन करायचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस राजस्थानात तिची सुरुवात झाली. दार उघडताना जमिनीवर कोन मोजता यावा, जाळीच्या वळणावर बोट फिरवून अक्षराची सवय व्हावी, पायऱ्यांवर अंक असावेत. कल्पनेत मुलाच्या हाताला आणि पायाला स्थान आहे. आमच्या शाळेत दाराखाली कोनमापक रंगवलेला आहे. अगदी नेटका, शून्य ते एकशेऐंशी. पण दारामागे लोखंडी कपाट ठेवले आहे आणि दार चाळीस अंशांपुढे उघडत नाही. मी एका मुलाला विचारले, हे कसले चित्र आहे? तो म्हणाला, "पंखा आहे, सर." रंगाऱ्याने चित्र काढले, कंत्राटदाराने बिल काढले, मी गुण दिले. मुलाला मात्र कोन मिळाला नाही.

चौथी गोष्ट कुलपांची. वाचनालयाला कुलूप, संगणकाच्या खोलीला कुलूप, मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप. विचारल्यावर उत्तर सरळ मिळाले आणि ते खोटे नव्हते : "सर, उघडं ठेवलं की खराब होतं. उद्या कोणी तपासणीला आलं तर काय दाखवायचं?" या एका वाक्यात सगळे तत्त्वज्ञान आहे. वस्तू वापरासाठी नाही, दाखवण्यासाठी आहे; वापर हा तिचा शत्रू आहे. देवळाच्या गाभाऱ्याचा नियम शाळेच्या संडासाला लागू झाला. मुलींना किल्ली मागायची तर कार्यालयात जावे लागते आणि तेथे चार पुरुष बसलेले असतात. तेरा-चौदा वर्षांची मुलगी किल्ली मागत नाही. ती पाणी पिणे सोडते, किंवा महिन्याचे चार दिवस घरी राहते. हजेरीपुस्तकात ती गैरहजर असते. गैरहजर खरे तर स्वच्छतागृह असते.

पाचवी गोष्ट सांगताना हात जड होतो. कुलूप पाहुण्यांसाठी उघडायचे तर आत पाणी टाकावे लागते. सफाईचे काम करणारा माणूस बिल थकल्यावर येईनासा झाला होता. मग बादल्या कोण नेते? एका वर्गातील दोन मुले. शिक्षा म्हणून नव्हे, 'मदत' म्हणून. दोघे एकाच वस्तीतले. ती वस्ती कोणाची, हे मी लिहिण्याची गरज नाही. या पानांचा वाचक ते जाणतो. त्यांतल्या एकाला विचारले, "तुलाच का सांगतात रे?" तो सहज म्हणाला, "माझे पप्पा तेच काम करतात ना, सर. मला येतं." ऊर्मिलाताईंचे शेण आणि वाल्मीकींचा झाडू आता चकचकीत टाइल्सच्या खोलीत आला आहे, इतकेच. त्या खोलीला मी दहापैकी दहा गुण दिले होते.

५

येथे कोणी म्हणेल, हे व्यवस्थापनाचे दोष आहेत, इमारतीचे नव्हेत. माझे उत्तर असे, की वापरणाऱ्याला इमारत आणि व्यवस्थापन असे दोन वेगळे अनुभव येत नाहीत. त्याला कुलूप येते. दुरुस्तीचा पैसा उभा राहतो तेव्हा टाइल्सचा खर्च धरला जातो. पुढची पाच वर्षे ती खोली कोण धुणार, त्याला पगार कोण देणार, याचा रकानाच नसतो. आणि जेथे सफाईच्या पगाराचा रकाना कोरा असतो, तेथे तो जात भरून काढते. ही आपल्या समाजाची जुनी हिशेबपद्धती आहे.

सरकारी मोजमापाचा इतिहासही 'आहे-नाही'चाच इतिहास आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये 'खडू-फळा मोहीम' आली : निदान दोन खोल्या, दोन शिक्षक, फळा, नकाशे. ज्या देशात झाडाखाली शाळा भरत होत्या तेथे ही मोजदाद आवश्यकच होती. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, अडथळाविरहित प्रवेश, मैदान, कुंपण हे हक्काने आले. हा मोठा विजय आहे, त्याला कमी लेखू नये. पण यादी पूर्ण झाली की प्रश्न संपला, असे समजण्याची सवयही तिने लावली. पुढे महाराष्ट्रात 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' हे अभियान आले. २०२४ च्या आरंभी त्याचा पहिला टप्पा झाला. शाळांना गुण, क्रमांक, बक्षिसे. २०२३ मध्ये शाळा दत्तक योजना आली. उद्योगसमूहांनी शाळा दत्तक घ्यावी. दत्तक या शब्दाकडे पाहा. दत्तक पोरके मूल घेतात. ज्या शाळेचे मायबाप संविधान आहे, ती पोरकी कधी झाली?

सुरक्षिततेचेही तेच. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात बदलापूरला शाळेतील चिमुरड्यांवर झालेल्या अत्याचाराने सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर शाळाशाळांत कॅमेरे लागले. लागावेत. पण मुलींच्या स्वच्छतागृहाची वाट कोठून जाते, तेथे कोण काम करते, किल्ली कोणाकडे असते, हे कॅमेऱ्यांच्या संख्येवरून कळत नाही. मुलींना विचारले तरच कळते.

आणि भिंतींच्या आतले? भिवंडीकरांना २१ सप्टेंबर २०२० ची पहाट आठवते. पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि चाळीसच्या आसपास जीव गेले. तेव्हापासून आमच्याकडचे पालक शाळेत आले की आधी रंग पाहत नाहीत, तडा पाहतात. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे सरकारी शाळेचे छत पडून सात मुले मेली. रंग तडा बुजवत नाही, झाकतो. गुणांच्या तक्त्यात रंगाला रकाना होता. बांधणीची तपासणी कधी झाली, त्याला नव्हता. मी तो विचारलाही नाही.

६

माझ्या काही मित्रांचे दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

पहिला आक्षेप असा : इमारतीचे काय घेऊन बसलात? जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा सुरू केली, ती काय खास शाळेसाठी बांधलेली वास्तू होती? शिक्षक हवा. हे खरेच आहे. तो जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये उतरवला गेला तेव्हा आपल्या सर्वांच्या पोटात कालवले; पण आपण जे जपतो ते दगड-विटा नाहीत, त्या दारातून कोण आत गेले ही गोष्ट जपतो. आणि माझाही आग्रह तोच आहे! मी टाइल्सविषयी बोलत नाही. दारातून कोण आत जाते, आत कोठे बसते, त्याला काय ऐकू येते आणि कोणते दार त्याला बंद असते, याविषयी बोलतो. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले तेव्हा नागसेनवनातील इमारतींकडे आणि झाडांकडे जातीने लक्ष दिले. राहायला 'राजगृह' बांधताना ग्रंथांसाठी जागा ठेवली. ज्ञानाला जागा लागते, हे ज्याला जागा नाकारली गेली त्यालाच नीट कळते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे : एवढे वर्षांनी वस्तीच्या शाळेला रंग लागला, तर तुम्ही तेही सुख हिरावून घेता. मुलांना ती शाळा आवडते. होय, आवडते. मी विचारले. एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या चाळीत कुठंच एवढा रंग नाही." हे वाक्य मला नोंदवलेच पाहिजे. दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या मुलीला पिवळी भिंत आणि जिन्याजवळचे सावित्रीबाईंचे चित्र मिळाले, याला मोल आहे. नवीन छप्पर गळत नाही, यालाही आहे. वापरणाऱ्यांचा निवाडा म्हणजे केवळ तक्रार नव्हे. काय चांगले झाले हेही तेच सांगतात, आणि आपल्यापेक्षा अचूक सांगतात. त्याच मुलीने पुढे म्हटले, "पण पाण्याची टाकी बाथरूमला टेकून कशाला बांधली?" सौंदर्य आणि सोय यांतले एक निवडा, असे तिला कोणी सांगितलेले नाही. तिला दोन्ही हवे आहे. तिचा हक्क दोन्हींवर आहे.

आक्षेप घेणाऱ्यांना मी उलट एक प्रश्न विचारतो. नावासाठी आपण लढलो, आणि लढावेच लागले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी सोळा वर्षे किंमत मोजली, तेव्हा १४ जानेवारी १९९४ उजाडला. ती अस्मितेची लढाई होती. पण ज्या दारावर नाव लागले, त्या दाराच्या आत काय चालते हे पाहायला आपण किती वेळा गेलो? जयंतीच्या दिवशी शाळेत जाऊन भाषण करणारे आपल्यात पुष्कळ आहेत, मीही आहे. एखाद्या साध्या मंगळवारी जाऊन मागच्या बाकावर बसणारे किती?

७

मग करायचे काय? मोठ्या योजना सुचवण्याचा माझा अधिकार नाही. जे हातात आहे ते सांगतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने विनाअनुदानित खाजगी शाळा सोडून प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. कलम २२ ने शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम या समितीला दिले. म्हणजे वापरणाऱ्यांना निवाड्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. चवदार तळ्यासारखाच तो कागदावर आहे. कांड्या भरणाऱ्या बाईला दुपारी अकराच्या सभेला बोलावले तर ती दिवसाची मजुरी बुडवून येणार नाही. सही घरी पाठवून घेतली जाते. सभा मागवाल्यांच्या सुट्टीच्या दिवशी घ्या, ही मागणी लहान आहे. त्यासाठी मोर्चाही लागणार नाही. दहा पालकांचा अर्ज पुरेल.

आणि आपण शिक्षक, विद्यार्थी, कार्यकर्ते यांनी एक नियम करावा : दुरुस्ती झालेल्या शाळेची परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी घ्यायची नाही. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यायचा, मग जायचे. तक्ता न्यायचा नाही, प्रश्न न्यायचे. ते मुलांना, शिक्षकांना, शिपायाला आणि झाडणाऱ्या बाईला वेगवेगळे विचारायचे. तू सकाळपासून पाणी प्यालीस का? मागच्या बाकावर बाईंचे शेवटचे वाक्य ऐकू आले का? पुस्तक शेवटचे घरी कधी नेलेस? पाऊस पडल्यावर कोण घसरले? किल्ली कोणाकडे असते? संडास कोण धुतो, आणि तो त्यासाठी पगार घेतो का? चाकाच्या खुर्चीतले मूल आमच्या शाळेच्या उतारावरून एकटे वर येईल का? मी मोजला, बाराला एक असायला हवा, तो सहाला एक आहे. हे प्रश्न कोणत्याही पदवीशिवाय विचारता येतात. पदवी असलेल्यांना ते सुचत नाहीत, हे मी स्वानुभवाने सांगतो.

मी आयोजकांना पत्र लिहिले. माझे एक्क्याण्णव गुण मागे घेतो, ते गुण मी इमारतीच्या समोरच्या बाजूला दिले होते, असे कळवले. उत्तर आले की स्पर्धा संपली आहे आणि निकालात आता बदल करता येत नाही. ठीक आहे. मुख्याध्यापकांना भेटलो, ते रागावले नाहीत. म्हणाले, "सर, मला सफाईचा एक माणूस द्या, मी कुलूप काढतो." पालकांनी आणि माझ्या महाविद्यालयाच्या काही विद्यार्थ्यांनी मिळून त्या पगाराचा अर्ज वर पाठवला आहे. बादल्या नेणाऱ्या दोन्ही मुलांचे ते काम मात्र त्याच दिवशी बंद झाले. त्याला अर्ज लागला नाही, मोठ्याने विचारावे लागले, इतकेच.

परवा त्या बाई पुन्हा भेटल्या. मी विचारले, "ताई, काही फरक?" त्या म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत उघडतात आता. अर्धा तास." जरा थांबून म्हणाल्या, "अर्ध्या तासात दीडशे पोरी, सर. तुम्हीच मोजा."

हेच मूल्यमापन. मी ते वहीत उतरवून घेतले आहे. पुढच्या सभेत ते माझ्या तोंडून नव्हे, त्यांच्याच तोंडून यावे, यासाठी सभेची वेळ बदलून घेण्याच्या मागे आम्ही लागलो आहोत.